लांबच्या वाटेची मोटरसायकल : डिस्पोजलच्या गाडीपासून लडाखपर्यंत

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय : "इतिहास राहू द्या, लडाखला जायला गाडी कुठली घेऊ ते सांगा." सांगू. पण हा प्रश्न विचारता येतो, हीच मुळात नवी गोष्ट आहे. पन्नास वर्षांपूर्वी लालबाग-परळ-कॉटन ग्रीनच्या या पट्ट्यात 'कुठली घेऊ' असं कोणी विचारत नसे, 'कुठली मिळेल' असं विचारत. आणि जी मिळेल तिच्यावर लोक लांब जाऊन आले. कसे गेले, हे नीट पाहिलं तर निवडीचं अर्धं काम तिथेच होतं.

आज आपण कॉटन ग्रीनला बसलोय, तेव्हा या जागेबद्दल दोन वाक्यं. कापसाचा बाजार आधी फोर्टात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या हिरवळीवर भरायचा. १८४४ साली तो कुलाब्याला हलला आणि पुढे १९२०च्या दशकात इथे, शिवडीच्या बाजूला आला. हिरवळ मागेच राहिली, 'ग्रीन' तेवढं नावात आलं. मागे बंदर, पुढे गिरण्या, शेजारी दारूखान्यात जहाजं तोडायची जागा. म्हणजे बाहेरून आलेलं यंत्र आधी या किनाऱ्यावर उतरणार, आणि ते उघडून बघणारा फिटर-टर्नर इथल्याच चाळीत राहणार. आमच्या विषयाशी या वस्तीचं नातं आहे ते असं. मोटरसायकल विकत घेण्याची ऐपत इथे थोड्यांची होती, पण ती दुरुस्त करण्याची अक्कल पुष्कळांची होती.

लांबच्या वाटेची मुंबईतली पहिली मोठी गोष्ट मात्र मोटरसायकलची नाहीच, सायकलची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत आले. चार वर्षं पाच महिने, सुमारे ७१,००० किलोमीटर. त्या काळी मोटरसायकली मुंबईत नव्हत्या असं नाही, होत्या. पण सायकलला पेट्रोल लागत नाही, आणि जगातल्या कुठल्याही गावात तिला हात लावायला माणूस सापडतो. आम्हाला वाटतं, पुढच्या शंभर वर्षांचं गणित त्या सायकलींतच आहे.

बाहेरच्या जगातले नामवंत प्रवासी तरी गाडी निवडून निघाले होते का? रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून निघाला आणि हिंदुस्थानातून पुढे गेला. लंडनच्या एका जेवणात तो बोलून गेला की आपण मोटरसायकलवर जगाला फेरी मारणार. पंगतीला डग्लस कंपनीचा माणूस होता, त्याने गाडी देऊ केली. झालं, आता जाणं भाग! चे गेव्हारा १९५२च्या सुरुवातीला अर्जेंटिनातून निघाला तो मित्राच्या जुन्या ५०० सीसी नॉर्टनवर. ती चिलीमध्ये मेली आणि उरलेला प्रवास ट्रक, बोटी आणि पायांवर झाला. पुस्तकाच्या नावात मोटरसायकल आहे, पण अर्ध्याहून जास्त पुस्तकात ती नाही, हे लोक विसरतात.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोटरसायकली अक्षरशः लाखांनी घेतल्या. बीएसए एम-२०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी-३. युद्ध संपल्यावर त्या लिलावात निघाल्या. जुनी माणसं त्यांना 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. यातली एम-२० आम्हाला फार शिकवून जाते. ४९६ सीसीचं इंजिन, ताकद फक्त १३ अश्वशक्ती, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. सैन्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांत तिच्यावर शेरा पडला, जड आहे, मंद आहे. तरी युद्धात ती सव्वा लाखाच्या आसपास बनली आणि युद्धानंतरही वर्षानुवर्षं सैन्यात राहिली. कारण काय? साइड-वाल्व्ह इंजिन, कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे कसलंही पेट्रोल पचवायची. आत भाग थोडे, आणि जे होते ते साध्या पान्यांनी उघडणारे. कागदावर हरलेली गाडी रस्त्यावर टिकली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसी बुलेट निवडली. १९५५ साली इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डने मद्रास मोटर्सबरोबर एन्फिल्ड इंडिया काढली. मूळ इंग्लिश कंपनी १९७०ला बंद पडली, मद्रासची चालूच राहिली. दुसरीकडे मुंबईची इराणी कंपनी चेकोस्लोव्हाकियातून जावा गाड्या आणायची. आयात थांबल्यावर रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा उभी केली. १९६१पासून तिथे गाड्या बनू लागल्या, पुढे त्याच येझदी झाल्या. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, १७५ सीसीची, मूळ पोलंडचं डिझाइन, गावोगावच्या दूधवाल्यांची लाडकी. संपली यादी. वीस-पंचवीस वर्षं हिंदुस्थानात लांब जाणाऱ्या माणसापुढे एवढंच ताट होतं. स्कूटरसाठी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे.

या तीन गाड्यांत फरक होता तो स्वभावाचा. बुलेट फोर-स्ट्रोक. तिला चालू करणं हा एक विधी होता : अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणा, डीकॉम्प्रेसर दाबा, किक हलकेच खाली न्या, मग डीकॉम्प्रेसर सोडून जोर लावा. चुकलात तर किक उलटी येऊन नडगी फोडणार. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे दुसऱ्याची गाडी घेऊन घाटात जाणं हा वेगळाच साहसी प्रकार होता. जावा-येझदी टू-स्ट्रोक. किक आणि गियर एकाच दांडीवर, वजनाने हलकी, चढावर झकास. पण टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला लागणारं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. लांब उतारावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून दिलात, तर पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि पिस्टन तापून धरणार. म्हणून जाणता माणूस येझदीवर घाट उतरताना मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर थोडा उघडायचा. हे कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. हे गॅरेजमध्ये कळायचं.

लांब निघणाऱ्याचं सामान तरी काय? दोन प्लग, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, ट्यूब, पंप, चेनचं लिंक, आणि क्लच केबल. ही जादा केबल डिकीत नाही ठेवायची. चालू केबलच्या बाजूनेच ती ओवून बांधून ठेवायची, जुनी तुटली की टोकं बदलली, निघालो. आम्हाला या युक्तीचं फार कौतुक आहे. गाडी मोडणार हे धरून चालणाऱ्या माणसाची ही युक्ती आहे.

आणि जायचं कुठे? गिरणगावातल्या माणसाचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे कोकण. गणपतीला गावी. पावसातला पनवेल ते कशेडी घाट, मागे बायको, मध्ये पोर, टाकीवर बॅग. साहस म्हणाल तर त्याला तोड नाही, आणि ते साहस आजही त्याच महामार्गावर जसंच्या तसं मिळतं, सरकारकृपेने. लडाखचं स्वप्न त्या मानाने अगदी ताजं. लेह पर्यटकांना खुलं झालं १९७४ साली. खारदुंग ला वाहनांना उघडली १९८८ला आणि मनाली-लेह रस्ता सामान्य वाहनांसाठी १९८९ला. म्हणजे जिला आज सगळे 'ड्रीम राइड' म्हणतात, ती वाट आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत खुली झाली.

नेमकं त्याच सुमारास दुकानातलं चित्र पालटलं. १९८४-८५ मध्ये जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या : इंड-सुझुकी, आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १००. इकडे जानेवारी १९८२चा गिरणी संप होऊन गेलेला, घराघरात ओढाताण. ज्यांना गाडी परवडली त्यांनी मायलेज बघून घेतली. लांबची गाडी वेगळी आणि कामाची वेगळी, ही चैन नव्हतीच. आजही चाळीत राहणाऱ्याला ती नाही. एकच गाडी असते. तीच सोमवारी कामावर जाते, तीच पावसात रस्त्यावर उभी राहते, आणि शिवडीच्या खाडीवरून येणारी खारी हवा तिचीच चेन आणि स्पोक खाते. जे सल्लागार हे धरत नाहीत त्यांचा सल्ला आम्ही अर्ध्यावर सोडतो.

२००० नंतर निवड खरोखर सुरू झाली. पल्सर २००१ला, करिझ्मा २००३ला. विशाखापट्टणमचे भारद्वाज दयाला २००६-०७ मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले, ते २२३ सीसीच्या करिझ्मावर. साहसी गाडी म्हणून ती कोणी विकत नव्हतं. २०२३च्या मार्चमध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून जगप्रवासाला निघाल्या, त्याही साडेतीनशे सीसीच्या, भारतात बनलेल्या गाडीवर. आणि उलट टोकाचं उदाहरण पाहा. २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन मोठ्या ११५० सीसी बीएमडब्ल्यूंवर लंडनहून न्यूयॉर्कला निघाले. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट तुटली. वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक्स गेलं. ती महागडी गाडी ट्रकवर चढली आणि कॅमेरामनने तिथल्या तिथे एक रशियन इझ प्लॅनेटा विकत घेतली, जुनाट आणि स्वस्त. त्या मोठ्या गाड्यांबरोबर ती चाललीच. एम-२०ची नात म्हणा हवं तर.

आता तुमचा प्रश्न. मुंबई ते लेह सुमारे अडीच हजार किलोमीटर. त्यातलं मनालीपर्यंतचं बहुतेक अंतर गुळगुळीत महामार्ग आहे. शेवटचे चारसाडेचारशे किलोमीटर तेवढा डोंगर. या दोन वाटांना दोन वेगळ्या गाड्या लागतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. महामार्गावर ताकद आणि वजन दोन्ही हवं, पाण्याच्या नाल्यात आणि खडीवर वजनच शत्रू. एक्सपल्स २०० ही १५५ किलोच्या आसपास, महामार्गावर शंभरच्या पुढे कण्हते, पण आडवी पडली तर एकटा माणूस उचलतो. हिमालयन ४११, २०१६ला आली, दोनशे किलोच्या जवळ, ताकद २४ अश्वशक्ती. २०२३ची हिमालयन ४५० तेवढ्याच वजनात ४०. मोठी बीएमडब्ल्यू अडीचशे किलोची. १६ हजार फुटांवर चिखलात पडलेली अडीचशे किलोची गाडी, आणि श्वास पुरत नाही. उचला!

ताकदीचा हिशेबही वर बदलतो. खारदुंग ला साधारण ५,३५९ मीटर, तिथे हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त कमी. कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर ओकायची, जेट बदलावं लागे. आजचं फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, पण नसलेला प्राणवायू आणणार कुठून? २४ची ताकद तिथे १४ होते. म्हणून चार अश्वशक्तीच्या फरकावर लोक भांडतात त्याचं आम्हाला हसू येतं. पहिल्या गियरचं खेचणं विचारा. सीटची उंची विचारा, दोन्ही पाय टेकतात का ते दुकानात बूट घालून बघा. टाकी विचारा : तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. डोंगरात लिटरला तीस धरलं तर बारा लिटरच्या वर लागतं, तेरा लिटरच्या टाकीला सोबत डबा हवाच.

दुरुस्तीचं मात्र मान्य करावं लागेल की जुनं उत्तर आता जसंच्या तसं चालत नाही. बुलेट रस्त्याकडेला उघडता यायची, ४५०चा सेन्सर गेला तर पॉलिश पेपर काय करणार? तिथे लेह-मनालीच्या गॅरेजांत कुठल्या गाड्यांचे भाग पडलेले असतात, हे बघावं. म्हणून आजही तिकडे भाड्याला एन्फिल्डच जास्त दिसतात.

आमचं मत विचाराल तर : एकच गाडी ठेवायची असेल, रोज कॉटन ग्रीनहून कामाला जायचं असेल, तर दीडशे-पावणेदोनशे किलोच्या वर जाऊ नका, आणि महामार्गाचा भाग रेल्वेला द्या. वांद्रे टर्मिनसहून जम्मू किंवा चंदीगडच्या बाजूला गाडी पार्सलने जाते. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आरसे काढा, हँडल आणि टाकीला गोणपाट दोन थरांत गुंडाळून घ्या, आणि नाव-पत्ता पुठ्ठ्यावर लिहून बांधण्याबरोबर टाकीवरही रंगवा. पुठ्ठा वाटेत फाटतो.