पोच कुठे अडते? वेब फॉर्म, ईमेल आणि 1995 पासूनचा एक घोटाळा

पैठणात बसून मजकूर बिघडण्याविषयी बोलायचं, तर सुरुवात नाथांपासूनच करायला हवी. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे इसवी सन 1290 ची. पुढे नकलेवरून नक्कल होत गेली आणि पाठ बिघडत गेला. शके 1506 मध्ये, 1584 साली, एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. दोष मूळ ग्रंथात नाही, तो हातोहात जाताना शिरला, ही त्यांची भूमिका. आजचा विषय त्यापुढे अगदीच किरकोळ आहे. पण तोही हातोहात जाणाऱ्या मजकुराचाच आहे.

इथल्याच एका पैठणी विणणाऱ्या घराच्या संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म होता. नाव, फोन, ईमेल, पदर बांगडीमोराचा की असावलीचा, असं सगळं भरायचं. बटण दाबलं की 'धन्यवाद, आपला संदेश मिळाला' असं यायचं. लग्नसराई जवळ आली तरी दोन-अडीच महिने एकही ईमेल नाही. घरच्यांना वाटलं, यंदा गिऱ्हाईकच नाही. आणि फॉर्म भरणाऱ्यांना वाटलं असणार की हे लोक साधं उत्तरही देत नाहीत! नक्षीदार पैठणी विणायला महिने लागतात, त्यामुळे हंगामापूर्वीची चौकशी हुकली की हंगामच हुकतो. आम्हाला बोलावलं ते त्यानंतर.

हे समजायला थोडं मागे जाऊ. ईमेल पोचवण्याचे नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहिले. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, मंडळी एकमेकांना ओळखणारी. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी कुठलाही पत्ता लिहिला तरी तो खरा की खोटा हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. पोस्टकार्डावर आपण कुणाचंही नाव लिहून पेटीत टाकू शकतो, तसंच.

1993 मध्ये सीजीआय आलं आणि वेबपानावरचा मजकूर सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला देता येऊ लागला. 1995 मध्ये मॅट राइट नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलाने 'फॉर्ममेल' ही पर्लमधली स्क्रिप्ट फुकट वाटली. त्याच वर्षी रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधनं जाहीर केली. आणि 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. म्हणजे ही तिन्ही एकाच वयाची.

फॉर्ममेलमध्ये एक मोठी खोट होती. ईमेल कुणाला जायचं तो पत्ता फॉर्ममध्येच लपवलेला असायचा. तो बदलला की दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जगाला जाहिराती पाठवता यायच्या, आणि स्पॅम करणाऱ्यांनी तेच केलं. दुसरी युक्ती अशी, की नावाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून तिथे जादा पत्ते लिहायचे. ज्ञानेश्वरीत कुणी आपल्या ओव्या घालू नयेत असं नाथांनी बजावलं होतं, ते आठवतं.

मग जगाने पहारे बसवले. 2006 मध्ये एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने कोणता सर्व्हर पत्र पाठवू शकतो याची जाहीर यादी. 2007 मध्ये डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची मोहोर. त्यानंतर डीमार्क, म्हणजे पत्त्याशी या दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर पत्राचं काय करायचं याचा हुकूम. एप्रिल 2014 मध्ये याहूने 'थेट नाकारा' असा हुकूम लावला आणि जगभरचे असंख्य साधे फॉर्म गोत्यात आले. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम आणखी कडक केले.

आता पैठणीच्या फॉर्मकडे येऊ. शोधताना आम्ही एकेक हात तपासला. फॉर्म स्क्रिप्टपर्यंत पोचतो का? सर्व्हरच्या नोंदवहीत नोंदी होत्या, म्हणजे पोचत होता. स्क्रिप्ट टपाल पुढे देते का? देत होती. पीएचपीचं मेल फंक्शन 'खरं' असं उत्तर देतं, त्याचा अर्थ एवढाच की पत्र पेटीत पडलं. ते घरी पोचलं असा त्याचा अर्थ नाही, आणि आभाराची पाटी नेमकी त्याच उत्तरावर झळकत होती.

पुढे घोळ सापडला. स्क्रिप्ट 'प्रेषक' म्हणून गिऱ्हाइकाचाच पत्ता लिहीत होती. याहूच्या पत्त्यावरून आलेलं म्हणवणारं पत्र, पण पाठवणारा सर्व्हर याहूचा नाही, म्हणून ते नाकारलं जायचं. बाकीची स्पॅममध्ये पडायची. नाकारल्याची सूचना सर्व्हरवरच्या अशा खात्यात जात होती, जे कुणी कधी उघडलंच नव्हतं. शिवाय विषयाच्या ओळीतलं देवनागरी नीट संकेतबद्ध केलेलं नव्हतं, म्हणून मिळालेल्या पत्रांवर नुसती प्रश्नचिन्हं.

दुरुस्ती दुपारभरात झाली. प्रेषक म्हणून संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता आणि 'उत्तर इथे द्या' यात गिऱ्हाइकाचा. टपाल खातं आणि पासवर्ड वापरून एसएमटीपीने. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी. रकान्यांतल्या नव्या ओळी काढून टाकणं. मजकूर यूटीएफ-8 मध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईमेल पाठवण्याआधी प्रत्येक चौकशी सर्व्हरवर जतन करणं.

हे शेवटचं आधी केलेलं नव्हतं, त्याची किंमत मोजावी लागली. जीमेल स्पॅममधली पत्रं 30 दिवसांनी पुसतं. त्या तीस दिवसांतली सापडली, परत आलेल्या सूचनांतून आणखी थोडी मिळाली, त्या सगळ्यांना घरच्यांनी फोन केले. त्याआधीच्या बाकी चौकशांच्या फक्त तारखा आणि वेळा नोंदवहीत दिसतात. नाव नाही, फोन नाही.

पूर्वी रजिस्टर पत्राची पोचपावती सहीनिशी परत यायची, तेव्हा आपण निश्चिंत व्हायचो. आपल्या शाळेचा, ग्रंथालयाचा, दुकानाचा फॉर्म असेल तर आज घरी जाऊन एकदा स्वतः भरून बघा, याहूच्या आणि जीमेलच्या दोन्ही पत्त्यांवरून, देवनागरीत. आणि आभाराची पाटी बघून थांबू नका, टपालाची पेटी उघडून बघा.