‘सगळे नॉर्मल’ आल्यानंतरची भीती : गोळी घ्यावी की न घ्यावी?

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकर हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते मल्लिकार्जुनाच्या प्राचीन मंदिरामुळे आणि तेथील यज्ञवराहाच्या शिल्पामुळे. अशा गावातील चाळिशीचा एखादा शेतकरी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. भावकीतला समवयस्क माणूस हृदयविकाराने अचानक गेला आणि तेव्हापासून याच्या छातीत कळ येऊ लागली. गावात छातीची पट्टी काढून झाली, बारामतीत इको झाला, पुण्यात आणखी तपासण्या झाल्या. अहवालांची पिशवी फुगत गेली. निदान मात्र एकच, ‘काही नाही, सगळे नॉर्मल.’ हे ऐकल्यावर चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी रात्री पुन्हा हात मनगटावर, नाडी मोजण्यासाठी. ‘अहो, आता पुरे करा ते,’ असे घरातून ऐकावे लागते. शेवटी एखादा समजूतदार डॉक्टर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. तेथून चिठ्ठी मिळते, गोळ्यांची पट्टी घरी येते आणि कपाटात पडून राहते. ती फोडायची की नाही, हा खरा पेच तेथे सुरू होतो.

असा माणूस शहरातही घरोघरी सापडेल. फरक इतकाच की, तो नाडी मोजण्याऐवजी मोबाइलवर लक्षणे शोधतो.

या विकाराला पूर्वी ‘हायपोकॉन्ड्रिया’ म्हणत. बोलीभाषेत त्याची संभावना ‘नुसते मनाचे खेळ’ अशी होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये आपल्या निदानपुस्तिकेतून हा जुना शब्द काढून टाकला आणि ‘आजाराच्या भीतीचा विकार’ अशा आशयाचे नवे नाव दिले. गंभीर आजार असल्याची किंवा होण्याची धास्ती किमान सहा महिने मनात ठाण मांडून बसली असेल, तर त्या निदानाचा विचार होतो. रुग्ण सोंग करतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. धडधड खरी असते, पोटातला गोळा खरा असतो. चुकतो तो त्याचा अर्थ. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण या रुग्णांइतकी क्वचितच कोणाला लागू पडत असेल.

हा विकार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वीडनमधील संशोधकांनी हे निदान झालेल्या चार हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या व्यक्तींना इतरांपेक्षा सरासरी पाच वर्षे आधी मृत्यू आल्याचे आणि त्यांच्यातील आत्महत्येचे प्रमाण सुमारे चौपट असल्याचे त्यात आढळले. मरणाला सर्वाधिक भिणारी माणसेच आधी जातात, ही विसंगती अस्वस्थ करणारी आहे.

आता औषधाविषयी. यासाठी प्रामुख्याने ‘एसएसआरआय’ गटातील गोळ्या दिल्या जातात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही त्यांतील परिचित नावे. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या व्यवहारावर त्या काम करतात. मूळच्या नैराश्यावरील या गोळ्या चिंताविकारांतही वापरल्या जातात. त्यांनी गुण किती येतो, याचे उत्तर आकड्यांतच पाहिलेले बरे. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना फ्लुओक्सेटिन, काहींना सीबीटी हा बोलण्यातून होणारा उपचार, काहींना दोन्ही आणि काहींना औषध नसलेली दिखाऊ गोळी दिली गेली. २४ आठवड्यांनंतर दोन्ही उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के, कोणताही एक घेणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के, तर दिखाऊ गोळीवाल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांना ठळक फायदा झाला. नेदरलँड्समधील २००७च्या चाचणीत हेच प्रमाण सीबीटीसाठी ४५, पॅरोक्सेटिनसाठी ३० आणि दिखाऊ गोळीसाठी १४ टक्के होते. म्हणजे गोळी उपयोगी आहे, रामबाण नाही. ‘औषधाशिवाय गत्यंतर नाही’ हे म्हणणे जितके अतिशयोक्त, तितकेच ‘या गोळ्यांनी काही होत नाही’ हेही.

सीबीटी म्हणजे विचारांची छाननी आणि वारंवार खात्री करून घेण्याच्या सवयीला हळूहळू लगाम. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकाला ठाऊक असते. सीबीटी ही तिच्याच कुळातली. प्रशिक्षित उपचारक जवळ असेल आणि दर आठवड्याला जाणे जमत असेल, तर सुरुवात तेथून करण्यात शहाणपण आहे. खेड्यातील माणसाला हा पर्याय सहज मिळत नाही आणि गोळी तालुक्याच्या ठिकाणी मिळते, ही वस्तुस्थितीही निर्णयात धरावी लागते. त्रासामुळे काम बंद पडले असेल, झोप उडाली असेल, सोबत नैराश्य किंवा भीतीचे झटके असतील, किंवा सीबीटी करूनही फरक पडला नसेल, तर तराजू औषधाकडे झुकतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर विचारविनिमयात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

मात्र या रुग्णांची एक अडचण आगळी आहे. ज्याला प्रत्येक लक्षणात मोठा आजार दिसतो, त्याला गोळीच्या प्रत्येक परिणामातही तोच दिसतो. पाकिटातील घडीच्या कागदावर बारीक टाइपात छापलेली दुष्परिणामांची यादी तो पाठ करतो आणि पहिल्याच मळमळीला गोळी बंद करतो. वास्तविक पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, क्वचित आधीपेक्षा अधिक बेचैनी असे त्रास होऊ शकतात. बहुतेकांत ते ओसरतात. कामेच्छेवरील परिणाम मात्र टिकू शकतो आणि तो डॉक्टरांशी बोलण्यास आपल्याकडे संकोच होतो. गुण दिसू लागायला काही आठवडे जातात; म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे आधीच माहीत असलेला रुग्ण टिकतो. म्हणून मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात करावी, अशी विनंती डॉक्टरांना जरूर करावी. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला आहे. त्यांच्यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे, वेदनाशामके किंवा कोणताही काढा चालू असल्यास तेही सांगावे.

गोळी ‘करून पाहायची’ असेल, तर ती मोजून पाहावी. सुरू करण्यापूर्वी वहीत लिहावे : आठवड्यात किती वेळा रक्तदाब तपासला, किती वेळा दवाखान्यात गेलो, किती रात्री जागून काढल्या. दहा-बारा आठवड्यांनी तीच नोंद पुन्हा करावी. आकडे खाली आले नसतील, तर मात्रा किंवा औषध बदलण्याची चर्चा होऊ शकते.

या गोळ्यांची ‘सवय लागते’ ही समजूत सार्वत्रिक आहे. ती खरी ठरते अल्प्राझोलाम, क्लोनॅझेपाम यांसारख्या तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांबाबत. त्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरी ओळखीवर मिळून जातात, आणि माणूस त्यांच्यावर वर्षानुवर्षे अडकून राहतो. एसएसआरआय गोळ्यांची ओढ तशी लागत नाही. पण त्या एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके जाणवू शकतात.

शेवटचा प्रश्न जायचे कोठे. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. पुण्यात ससून रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘येरवडा’ या शब्दानेच पुष्कळांची पावले अडखळतात, हे खरे. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून चोवीस तास चालतो.

गुण आल्यावर गोळ्या सहसा आणखी सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांच्या अंतराने मात्रा उतरवत आणतात. पहिल्या भेटीतच ‘थांबवायचे कधी आणि कसे?’ हे विचारून घ्यावे. त्याचे उत्तर मिळाल्यावर कपाटातील पट्टी फोडणे पुष्कळांना सोपे जाते.