निन्टेन्डो : बंदीच्या सावलीत जन्मलेला खेळ (दीर्घ धागा)

१/ निन्टेन्डो म्हटले की मारिओ डोळ्यांसमोर येतो. परंतु या कंपनीची स्थापना २३ सप्टेंबर १८८९ रोजी क्योतो शहरात झाली. त्याच वर्षी जपानला मेजी राज्यघटना मिळाली आणि पॅरिसचा आयफेल टॉवर लोकांसाठी खुला झाला. दूरचित्रवाणीचा शोध अजून लागायचा होता. ‘पत्ते विकणारी कंपनी पुढे व्हिडिओ गेमकडे वळली’ एवढ्या एका वाक्यात हा इतिहास समाजमाध्यमांवर सांगितला जातो. ते वाक्य खोटे नाही. मात्र त्यात मधली ९० वर्षे गडप होतात. या धाग्यात ती वर्षे पाहू.

२/ आरंभ पोर्तुगीजांपासून करावा लागतो. १५४३ साली पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. पुढे त्यांची जहाजे गोव्याहून मलाक्का आणि मकावमार्गे नागासाकीला नियमित जाऊ लागली. या जहाजांबरोबर बंदुका गेल्या, धर्मप्रसारक गेले आणि खलाशांच्या खिशातले पत्तेही गेले. पोर्तुगीज ‘कार्ता’ या शब्दावरून जपानी भाषेत ‘कारुता’ हा शब्द रूढ झाला. आपण ज्याला ‘पाव’ म्हणतो त्याला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो. हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत. शब्दांच्या या भावंडांतून तो सागरी मार्ग आजही ओळखू येतो.

३/ पत्ते आले, पाठोपाठ जुगार आला आणि जुगारापाठोपाठ बंदी आली. १६३९मध्ये तोकुगावा शोगुनशाहीने पोर्तुगीजांना देशाबाहेर घालवले. जुगाराच्या पत्त्यांवरही वेळोवेळी बंदी घातली गेली. एका प्रकारच्या पत्त्यांवर बंदी आली की कारागीर चित्रे बदलून दुसरा प्रकार बाजारात आणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस, कान्सेई सुधारणांच्या काळात, ‘मेकुरी’ पत्त्यांवर गदा आली. या पाठशिवणीतून ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते लोकप्रिय झाले.

४/ हानाफुदाच्या कॅटमध्ये अंक नसतात. वर्षाचे १२ महिने आणि प्रत्येक महिन्याची ४ पाने, अशी एकूण ४८ पाने. जानेवारीला पाइन, फेब्रुवारीला प्लम, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताळ टेकडीवर उगवलेला चंद्र. पाहणाऱ्याला वाटावे, हे निसर्गचित्रांचे पुस्तक आहे! पण ४८ हा आकडा कुठून आला? जुन्या पोर्तुगीज कॅटमध्येही ४८च पाने असत. ४ रंग आणि प्रत्येकाची १२ पाने. जपानी कारागिरांनी त्याच गणिताला १२ महिने आणि ४ पाने असे उलटे करून फुलांचा साज चढवला. चित्रे पूर्ण बदलली, सांगाडा तोच राहिला.

५/ १८८०च्या दशकाच्या मध्यास मेजी सरकारने हानाफुदाच्या विक्रीवरील बंधने सैल केली. ही संधी क्योतोतील फुसाजिरो यामाउची या कारागिराने हेरली. तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून केलेला कागद थरावर थर चिकटवून जाड करायचा, त्यावर छापायचे आणि रंग भरायचे, असे ते हातकाम होते. त्याच्या सर्वांत नामांकित पत्त्यांचे नाव होते ‘दाइतोर्यो’, म्हणजे राष्ट्राध्यक्ष. आणि वेष्टनावर चित्र मात्र नेपोलियनचे! निन्टेन्डो आजही हे पत्ते विकते.

६/ हे पत्ते घेत कोण होते? घरोघरी सणासुदीला खेळणारी कुटुंबे होतीच, पण मोठे गिऱ्हाईक जुगाराच्या अड्ड्यांचे होते. पत्त्यांवर कोणी खूण करू नये म्हणून अड्ड्यांवर दर डावाला नवा कॅट फोडत, असे सांगितले जाते. जपानी गुन्हेगारी टोळ्यांना ‘याकुझा’ म्हणतात, त्या शब्दाची प्रचलित व्युत्पत्तीही पत्त्यांच्याच खेळातली आहे : या म्हणजे ८, कु म्हणजे ९, झा म्हणजे ३. बेरीज २०, शेवटचा अंक शून्य, म्हणजे डाव हरला. आज मुलांच्या करमणुकीशी जोडले जाणारे हे नाव एके काळी अशा बैठकांच्या आसपास वावरत होते.

७/ १९०२ साली सरकारने पत्त्यांवर कर बसवला. या करापायी अनेक लहान कारखाने बुडाले. यामाउची टिकून राहिले त्याचे एक कारण विक्रीची व्यवस्था. सिगारेटचे पाकीट आणि पत्त्यांचा कॅट आकाराने जवळजवळ सारखेच. तंबाखूच्या दुकानांच्या जाळ्यातून पत्ते दूरवर पोहोचले. याच सुमारास कंपनीने पाश्चात्त्य धर्तीचे पत्तेही बनवायला घेतले. माल उत्तम असून चालत नाही, तो दुकानापर्यंत पोहोचावा लागतो, हा धडा या घराण्याने फार लवकर गिरवला.

८/ १९४९मध्ये संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची शिक्षण अर्धवट सोडून कंपनीच्या गादीवर बसला. वय अवघे २१. १९५३मध्ये त्याने जपानमध्ये प्रथमच प्लॅस्टिकचे पत्ते मोठ्या प्रमाणावर काढले. १९५६मध्ये तो अमेरिकेत गेला आणि जगातील सर्वांत मोठ्या पत्ते कंपनीच्या सिनसिनाटी येथील कचेरीला त्याने भेट दिली. त्या कचेरीचा साधेपणा पाहून तो हादरला. या धंद्याच्या शिखरावर पोहोचूनही माणूस एवढाच मोठा होणार असेल तर पुढे काय? हा प्रश्न घेऊन तो परतला.

९/ १९५९मध्ये डिस्नेच्या पात्रांचे पत्ते काढून त्याने पत्त्यांना जुगाराच्या अड्ड्यातून दिवाणखान्यात आणले. हा बदल महत्त्वाचा, कारण इथे गिऱ्हाईकच बदलले. १९६२मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले, १९६३मध्ये नावातून ‘पत्ते’ हा शब्द गळाला. मग प्रयोगांची रांग लागली : टॅक्सीसेवा, झटपट भात. एकही धंदा मूळ धरेना. त्यातच १९६४नंतर पत्त्यांची मागणी ओसरली. याच ठिकाणी कंपनी बुडाली असती, तर जपानी उद्योगांच्या इतिहासात तिला एखादी तळटीपही मिळाली नसती.

१०/ १९६५मध्ये गुनपेई योकोई हा विद्युत अभियंता कंपनीत रुजू झाला. काम कोणते? पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. रिकाम्या वेळात त्याने लांब-आखूड होणारा एक लाकडी जाळीचा हात स्वतःच्या मौजेसाठी बनवला. यामाउचीच्या नजरेला तो पडला. रागावण्याऐवजी त्याने हुकूम सोडला : याचे खेळणे कर. १९६६मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आले आणि त्याचे १० लाखांहून अधिक नग खपले. निन्टेन्डोच्या या वळणाचे श्रेय द्यायचे तर ते व्हिडिओ गेमच्याही आधी या लाकडी हाताला द्यावे लागेल.

११/ पुढची वाट सरळ नव्हती. प्रकाशावर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका यशस्वी झाल्या, तेव्हा कंपनीने ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीची केंद्रे उभारली. ती १९७३मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी तेलसंकट आले, लोकांनी चैनीचा खर्च आखडता घेतला आणि कंपनी कर्जात रुतली. १९७७मध्ये मित्सुबिशीच्या साहाय्याने तिने घरच्या टीव्हीवर खेळायचे पहिले यंत्र काढले. या क्षेत्रात पहिले पाऊल तिचे नव्हते. अमेरिकेत ते १९७२मध्येच पडले होते.

१२/ योकोईची विचारपद्धती जपानी भाषेत एका वाक्प्रयोगाने ओळखली जाते. त्याचा आशय असा : जुन्या, स्वस्त आणि पारखून घेतलेल्या तंत्राचा नव्या ठिकाणी उपयोग करावा. १९७०च्या दशकात कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या किंमतयुद्धामुळे छोटे पडदे स्वस्त झाले होते. त्याच पडद्यांवर १९८०मध्ये ‘गेम अँड वॉच’ उभा राहिला. या मालिकेचे ४ कोटींहून अधिक नग विकले गेले. १९८२च्या एका नमुन्यावर त्याने अंगठ्याने दाबायची अधिक-चिन्हाची कळ बसवली. तुमच्या हातातल्या गेमपॅडवर आजही तिचीच वंशज आहे.

१३/ आता अमेरिका. ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे ३,००० यंत्रे तिकडे पाठवली गेली आणि त्यांतली बहुतांश गोदामात पडून राहिली. ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत नवा खेळ बसवायचे ठरले. हे काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे आले. १९८१मध्ये ‘डाँकी काँग’ जन्मला. त्यातल्या उड्या मारणाऱ्या सुताराला पुढे गोदामाच्या मालकावरून ‘मारिओ’ हे नाव मिळाले. मात्र या खेळाच्या प्रोग्रामिंगचे काम इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्या कंपनीने केले होते. तिने हक्कासाठी १९८३मध्ये दावा लावला. तो १९९०मध्ये तडजोडीने मिटला. ‘एकट्या प्रतिभावंताची’ कथा ऐकताना ही ओळ सहसा गाळली जाते.

१४/ १९८२मध्ये युनिव्हर्सल या बलाढ्य चित्रपट कंपनीने दावा ठोकला : डाँकी काँग ही आमच्या किंग काँगची नक्कल आहे. निन्टेन्डोची बाजू जॉन कर्बी या वकिलाने लढवली. त्याच्या हाती हुकमाचे पान होते. काही वर्षांपूर्वी याच युनिव्हर्सलने दुसऱ्या खटल्यात किंग काँगची कथा कोणाच्याही मालकीची नसल्याचे न्यायालयात मांडले होते! निकाल निन्टेन्डोच्या बाजूने लागला.

१५/ १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात फॅमिकॉम १४,८०० येनला बाजारात आला. त्याच सुमारास अमेरिकेचा व्हिडिओ गेम बाजार निकृष्ट खेळांच्या महापुरात कोसळला होता. म्हणून १९८५मध्ये तिथे उतरताना निन्टेन्डोने यंत्रात कुलूप बसवले. कॅसेटमध्ये तिने मंजूर केलेली चिप नसेल तर खेळ चालत नसे. इतर कंपन्यांना वर्षाला ठराविकच खेळ काढता येत, कॅसेटही निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत. बाजार सावरला, पण त्याची किल्ली एकाच हाती गेली. किमती बांधून ठेवल्याच्या आरोपावरून १९९१मध्ये कंपनीला अमेरिकी सरकारशी तडजोड करून ग्राहकांना सवलतीची कुपने द्यावी लागली.

१६/ इथे आपल्याकडचा धागा जुळतो. जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलपाची चिप नव्हती. त्यामुळे तैवान आणि चीनमधून त्याच्या असंख्य नकला निघाल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बाजारांत ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून जे मिळे, ज्यात ‘हजारो गेम’ लिहिलेली कॅसेट घालून मुले मारिओ आणि काँट्रा खेळत, ते बहुतेक याच नकलांपैकी. एका संपूर्ण पिढीने निन्टेन्डोचे खेळ खेळले, पण निन्टेन्डोला त्यातून दमडीही मिळाली नाही. ज्या घराण्याचा धंदा बंदीला बगल देणाऱ्या पत्त्यांवर उभा राहिला, त्याच्याच मालाने आता त्याच्या परवानगीला बगल दिली. शोगुनशाही जे पत्त्यांच्या बाबतीत करू पाहत होती, तेच कंपनी कॅसेटच्या बाबतीत करू पाहत होती; आणि दोघांनाही ते पूर्णपणे साधले नाही.

१७/ या इतिहासातून ‘दूरदृष्टी असली की यश मिळते’ असे सुभाषित काढण्याचा मोह होतो. साधने तसे सांगत नाहीत. १८८९मध्ये कोणी १९८३ पाहिले नव्हते. भात फसला, टॅक्सी फसली, नेमबाजीची केंद्रे फसली. प्रत्येक वेळी मागे काहीतरी उरले : विक्रीचे जाळे, घरात शिरण्याची सवय, देखभाल करणारा एक अभियंता, गोदामातली न खपलेली यंत्रे. पुढचे पाऊल या उरलेल्यातून पडले. शेवट ठाऊक असलेला वाचक मधल्या प्रत्येक घटनेला ‘पूर्वतयारी’ समजतो. त्या घटना जगणाऱ्यांसाठी ती पूर्वतयारी नव्हती. तो त्यांचा रोजचा, अनिश्चित धंदा होता. कंपन्यांचा इतिहास वाचताना एवढी सावधगिरी बाळगली, तरी पुष्कळ दंतकथा आपोआप गळून पडतात.

१८/ योकोई १९९७मध्ये रस्ता अपघातात गेला. हिरोशी यामाउचीने २००२मध्ये अध्यक्षपद सोडले आणि २०१३मध्ये त्याचे निधन झाले. क्योतोजवळच्या उजी येथे कंपनीचा एक कारखाना होता, तिथे हानाफुदा आणि पत्ते तयार होत. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच वास्तूत निन्टेन्डोचे संग्रहालय सुरू झाले. तिथे फॅमिकॉम आहे, गेम बॉय आहे. आणि आलेल्या पाहुण्यांना स्वतःच्या हाताने हानाफुदा बनवून पाहण्याची सोयही आहे. ४८ पाने. गोव्याहून निघालेल्या एखाद्या खलाशानेही ती संख्या ओळखली असती.

(धागा समाप्त)