पाककृतीतला शेर

मराठीतील जुन्या पाककृती वाचताना सर्वांत जास्त फसवणारा शब्द 'शेर' हा होय, कारण या एकाच नावाखाली दोन निराळी परिमाणे नांदत होती: तराजूत तोलायचा वजनी शेर आणि भांड्याने भरायचा मापी शेर. तूप, गूळ, साखर हे जिन्नस बहुधा तोलून घेतले जात आणि धान्य मापाने भरले जाई. वजनाची उतरंड आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक आणि सोळा छटाकांचा, म्हणजे ८० तोळ्यांचा, शेर अशी होती. मापाची मात्र दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली अशी वेगळीच चढत जाई. शेरभर गहू आणि शेरभर पोहे तराजूत सारखे उतरतात. मापाने भरले तर पोहे कितीतरी हलके भरतात.

मापी शेरात आणखी एक खोच होती. माप काठोकाठ भरल्यावर धान्याचा जो शंकू काठावर आपोआप उभा राहतो त्याला शीग म्हणतात, आणि माप शिगेसह मोजायचे की हाताने सपाट करून, हे व्यवहारात आधीच ठरलेले असे. एखादी गोष्ट 'शिगेला पोचली' असे आज म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या डोळ्यांपुढे धान्याचे माप येत असेल. पिठाची शीग डाळीच्या शिगेहून उंच राहते, त्यामुळे पाककृतीत नुसते 'एक माप पीठ' लिहिणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. उरलेली अर्धी त्या काळच्या वाचकाला ठाऊक होती, म्हणून ती लिहिली गेली नाही.

वजनी शेर तरी एकसारखा असावा, तर तेही नव्हते. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक, आणि दोन्ही मण ४० शेरांचेच. त्यामुळे मुंबईचा शेर आजच्या हिशेबाने सुमारे ३१८ ग्रॅमचा, तर ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा भरतो. कृतीतले सगळेच जिन्नस शेरात दिले असतील तर या तफावतीने पदार्थ बिघडत नाही, फक्त कमी किंवा जास्त होतो; परंतु डाळ शेरात आणि मसाला तोळ्यामाशांत दिला असेल, तर शेर चुकीचा धरल्याबरोबर तिखटमिठाचा सगळा मेळ विसकटतो. तोळा त्या मानाने भरवशाचा होता, कारण १८३५ पासूनचा कंपनीचा चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर तोळाभर, वजनाचा होता आणि ज्या घरी तोळ्याचे वजन नसे तिथेही पारड्यात रुपया टाकून 'रुपयाभार' वेलदोडे तोलता येत.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ सालचे 'सूपशास्त्र' हे मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी एक. त्याआधी ही विद्या मुख्यतः तोंडी चालत आली होती आणि तिची मापे हाताशी जोडलेली होती. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, भातावरचे पेरभर पाणी, लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ या मापांना 'अंदाज' म्हणून हिणवण्याची रीत पडली आहे, ती चुकीची आहे. पिठात घातलेले मोहन, म्हणजे कडकडीत तेल किंवा तूप, पुरेसे झाले की नाही हे पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळतो का यावरून ठरते. पाक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ताणून एकतारी की दोनतारी हे ओळखले जाते. या दोन्ही ठिकाणी जिन्नस किती घातला यापेक्षा त्याचा परिणाम काय झाला हे मोजले जाते, आणि पीठ जुने असो वा नवे, हवा दमट असो वा कोरडी, अशी कसोटी आकड्यापेक्षा अधिक खरी ठरते.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात रुजली आणि शेर-छटाकींत लिहिलेली पुस्तके नव्या गृहिणीला परकी झाली. तराजू मात्र सामान्य स्वयंपाकघरात तेव्हाही नव्हता. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे घरोघर पोचवली, आणि त्यांचे सामर्थ्य प्रमाणात होते: वाटी लहान असो वा मोठी, एकच वाटी शेवटपर्यंत वापरली तर रवा, साखर आणि पाणी यांचे नाते ढळत नाही. शिगेचा प्रश्न वाटीनेही सोडवला नाही. ती सपाट भरायची की वर शीग ठेवून, हे आजही अनेक पाककृतींत लिहिलेले नसते.

शेर कायद्यातून गेला तरी बोलण्यातून गेला नाही. भाजीवालीकडे पावशेर मिरच्या मागितल्या की काट्यावर २५० ग्रॅम पडतात. ८० तोळ्यांच्या शेराचा हिशेब धरणाऱ्या जुन्या पुस्तकातला पावशेर मात्र २० तोळ्यांचा, म्हणजे २३३ ग्रॅमचा आहे.