नीरजा आणि तिच्या सोबतिणी

आपल्या पनवेल तालुक्यात विमानतळ सुरू झाला. कुणाच्या लेकीला हवाई सेविका व्हायचं असेल, तर तिला नीरजा भनोतची गोष्ट जरूर सांगा. पण पूर्ण सांगा.

५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत थांबलं होतं. साडेतीनशेहून अधिक माणसं आत होती. चार बंदूकधारी घुसले. सेविकांनी लगेच कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक छताच्या झडपेतून बाहेर पडले. पुढे त्यांना पळपुटे म्हणणारेही निघाले. पण वैमानिकच नसल्यामुळे विमान जमिनीवरच राहिलं.

अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सांगितले. त्यांचा रोख अमेरिकनांवर आहे हे ओळखून सेविकांनी त्यांचे पासपोर्ट लपवले. नीरजा प्रमुख होती, पण हे काम एकटीचं नव्हतं. रात्री दिवे गेले, अंधारात गोळीबार सुरू झाला. तशातही सेविकांनी प्रवाशांना बाहेर काढलं. वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत नीरजाही. तिचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

अशोकचक्र मिळालेली ती पहिली महिला. तो मान तिचाच. पण तिच्या काही सोबतिणी माध्यमांशी मोकळेपणाने बोलल्या त्या थेट २०१६ साली, तिच्यावर चित्रपट आला तेव्हा. तीस वर्षं त्यांना कुणी फारसं विचारलंच नव्हतं.

लेकीला ‘नीरजासारखी हो’ म्हणाल, तेव्हा ‘शेजारी उभ्या असलेल्या सोबतिणीचा इशारा ओळखायला शीक’ हेही सांगा.