मशीनला वास कधीपासून यायला लागला?

गेल्या जुलैत माझ्या ऑफिसच्या शर्टांना कुबट वास यायला लागला. पुण्यात आठवडाभर ऊन नव्हतं, म्हणून आधी पावसाला दोष दिला. मग पावडर बदलली, मग लिक्विड आणलं, मग सुगंधी कंडिशनर दुप्पट ओतलं. वास गेला नाही, फक्त गुलाबाच्या वासामागे जाऊन बसला. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं फ्रंट लोड मशीनचं दार उघडलं, दाराभोवतीच्या रबराची घडी अंगठ्यानं मागे ओढली आणि मला आत बघायला सांगितलं. काळे ठिपके, बुळबुळीत राखाडी थर, एक मोजा आणि दोन रुपयांचं नाणं.

"सर, साठ डिग्रीवर कधी लावलंय का?"

तीन वर्षांत एकदाही नाही. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती हसली. "अरे, कपडे धुतं म्हणून ते स्वतः धुतलं जातं असं कोण म्हणालं तुला?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बग सापडला की पहिला प्रश्न असतो, हा कधीपासून आहे? जुन्या व्हर्जनमध्ये होता का? मग कुठल्या बदलानंतर आला? मशीनच्या बाबतीत हाच प्रश्न धरून मागे जायला लागलो आणि पुण्यातल्या बाल्कनीतून थेट कॅन्ससमधल्या एका खेड्यात पोचलो. पण त्याच्याही आधी भट्टी येते.

कपडे उकळणं ही जगभरातली जुनी रीत. आपल्याकडे परीट सोड्याच्या पाण्यातले कपडे भट्टीवर चढवायचा. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० पासूनचा, तिथेही टाक्यांच्या जोडीला भट्ट्या आल्याच. माझी आजी पांढरे कपडे आणि बाळाची दुपटी मोठ्या पातेल्यात रटरटवायची. जर्मनांकडे तर यासाठी स्वतंत्र शब्दच आहे, 'कोखवेशे', म्हणजे उकळायचे कपडे. तिथल्या मशीनवर ९५ डिग्रीचा पर्याय असायचा, आजही बऱ्याच मशीनवर असतो. उकळायचं कशाला, तर मळ निघावा आणि कापड पांढरं व्हावं म्हणून. त्या उष्णतेत जंतू मरत होते, बुरशी मरत होती, भांडं किंवा मशीनही आतून स्वच्छ होत होतं. पण हे शेवटचं काम कुणी वेगळं नोंदवून ठेवलं नव्हतं. ते आपोआप होत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेलं फीचर.

मग ते हळूहळू काढून टाकलं गेलं. १९०७ मध्ये जर्मनीत हेंकेल कंपनीची 'पर्सिल' पावडर आली. तिच्यातलं परबोरेट गरम पाण्यात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे कपडे घासत आणि उन्हात टाकून पांढरे करत बसायची गरज उरली नाही. उकळणं मात्र होतंच, किंबहुना उकळल्याशिवाय त्या पावडरीचा पुरता उपयोग नव्हता. पुढचं पाऊल त्याच देशात १९१३ मध्ये पडलं. ऑटो रोम या रसायनशास्त्रज्ञानं प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम वापरून कपडे भिजवण्याची पावडर काढली, 'बर्नुस'. रक्त, घाम, अन्नाचे डाग ही सगळी प्रथिनं आणि चरबी. एन्झाइम ती पचवतात. उकळत्या पाण्यात मात्र ही एन्झाइम टिकत नाहीत. १९६०च्या दशकात जिवाणूंपासून बनवलेली दणकट एन्झाइम पावडरींमध्ये आली, १९७३ मध्ये तेलसंकट आलं, आणि युरोपातल्या घरांत ९५ चं ६० आणि ६० चं ४० होत गेलं.

यात चूक काहीच नव्हती हे सांगायला हवं. गरम धुण्यात बहुतेक ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते. ड्रम फिरवायला त्या मानानं फार थोडी लागते. पाणी कमी घ्या आणि कमी तापवा, एवढंच गणित.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे १९३७ मध्ये बेंडिक्सनं घरगुती ऑटोमॅटिक मशीन आणलं, ते फ्रंट लोडच होतं, आणि इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टनं आवळावं लागायचं. पुढे बाजार टॉप लोडनं खाल्ला. भरपूर पाणी, मधोमध घुसळणारा खांब आणि वरून सैल झाकण. ते झाकण हवाबंद नव्हतं ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लेखी महत्त्वाची नव्हती.

आता कॅन्सस. बर्न हे जेमतेम दोनशे लोकवस्तीचं गाव, पाण्याची कायम ओढाताण. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं आणि ओक रिज प्रयोगशाळेनं या गावाचं धुणं मोजायला घेतलं. आधी लोकांच्या घरातल्या जुन्या टॉप लोड मशीनना मीटर लावले. मग शंभरावर घरांतली मशीन बदलून मेटॅगची नवी फ्रंट लोड मशीन बसवली आणि पुन्हा मोजलं. पाणी, वीज, कपड्यांचं वजन, सगळं. काही महिन्यांत २० हजारांहून जास्त धुणी नोंदली गेली. एका धुण्याचं पाणी सुमारे १५७ लिटरवरून ९८ लिटरवर आलं, म्हणजे ३८ टक्के बचत. ऊर्जेची बचत ५८ टक्के. लोक खूश होते, कपडेही जास्त स्वच्छ वाटत होते.

अहवालाचे हे आकडे वाचताना मला खरंच कौतुक वाटलं. इतक्या नेटक्या ए/बी टेस्ट आम्हीही करत नाही. पण प्रयोग महिन्यांचा होता. बुरशीचा थर धरायला वेळ लागतो, आणि ज्या गोष्टीचा कॉलमच तक्त्यात नाही ती तक्त्यात दिसणार कशी? मेटॅगचं तेच मॉडेल, 'नेपच्यून', देशभर विकलं गेलं. काही वर्षांत बुरशी आणि वासाच्या तक्रारींवरून त्याच्यावर सामूहिक खटला झाला आणि कंपनीनं तडजोड केली.

खरी लढाई पुढची. व्हर्लपूलनं २००१ मध्ये 'डुएट' ही फ्रंट लोड मशीन आणली, आणि तक्रारी सुरू झाल्या. कंपनीच्या इंजिनिअरांनी शोध घेतला तेव्हा जे सापडलं ते माझ्या मेकॅनिकनं दाखवलं त्याचंच मोठं रूप होतं. पाणी कमी, ते कोमट किंवा गार, त्यामुळे साबण आणि मळाचा अंश पूर्ण वाहून जात नाही. तो टबच्या खाचाखळग्यांत आणि ड्रमला मागून धरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या आधारावर साचतो. पाणी गळू नये म्हणून दार घट्ट बंद, त्यामुळे आत दमट. बुरशीला आणखी काय हवं? कंपनीनं ग्राहकांना सांगितलं, दार उघडं ठेवा, कमी फेसाचा साबण वापरा, महिन्याला ब्लीच घालून मशीन रिकामं चालवा. २००७ मध्ये मशीन साफ करायची गोळी बाजारात आणली, 'अफ्रेश'. मशीन विकणाऱ्यानंच त्याचा वास घालवायची गोळीही विकायची, याचा लोकांना राग आला तर नवल नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या सुरुवातीला त्यात हात घालायला नकार दिला, आणि ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडच्या ज्यूरीनं ओहायोच्या ग्राहकांविरुद्ध, कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीचं म्हणणं होतं की वास येणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण अगदी कमी आहे, आणि सूचना पाळल्या तर तो येत नाही. २०१६ मध्ये उरलेल्या खटल्यांत तडजोड झाली. अनेकांच्या वाट्याला ५० डॉलर किंवा नव्या मशीनवर सवलत आली.

मला हा निकाल पटतही नाही आणि पूर्ण चूकही वाटत नाही. मशीन सांगितलेलं काम करत होतं. पण आधी पाणी आणि उष्णता जे काम गुपचूप करत होती, ते आता घरातल्या कुणीतरी करायचं होतं, आणि हे मॅन्युअलच्या आतल्या पानावर छापलेलं होतं. ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत कोण असतं हे वेगळं सांगायला नको. वास आला की पहिलं बोलणंही तिलाच.

युरोपात पाणी गार करण्याची वाट पुढे चालूच राहिली. डिसेंबर २०१३ पासून तिथल्या प्रत्येक नव्या घरगुती मशीनवर २० डिग्रीचा पर्याय बंधनकारक झाला. जवळपास त्याच सुमाराला जर्मनीतल्या एका बालरुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात एक विचित्र गोष्ट घडत होती. औषधांना दाद न देणारा 'क्लेब्सिएला ऑक्सिटोका' हा जिवाणू बाळांच्या अंगावर पुन्हा पुन्हा सापडत होता. कर्मचारी, इन्क्युबेटर, सगळं तपासलं, काही मिळेना. शेवटी तो सापडला एका साध्या घरगुती वॉशिंग मशीनमध्ये, दाराच्या रबरात आणि पावडरीच्या खणात. त्या मशीनमध्ये बाळांच्या लोकरी टोप्या आणि मोजे धुतले जात. सुदैवानं कुणी आजारी पडलं नाही. मशीन हलवलं आणि प्रकार थांबला. बॉनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. धडधाकट माणसाला घरच्या मशीनची भीती बाळगायचं यात कारण नाही. पण घरात तान्हं बाळ किंवा केमो चाललेलं माणूस असेल, तर आजीचं पातेलं आठवायला हरकत नाही.

तर आता मी काय करतो. टॉवेल, चादरी आणि फडकी साठ डिग्रीवर धुतो, शर्ट गार पाण्यात. लिक्विड बंद केलं नाही, पण त्यात ब्लीच नसतं, म्हणून महिन्यातून एकदा ऑक्सिजन ब्लीचवाली पावडर घालून मशीन रिकामंच सगळ्यात गरम सायकलवर लावतो. कंडिशनर जवळजवळ सोडला, तो चिकट थर मागे ठेवतो. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे क्षारासाठी अधूनमधून सायट्रिक अॅसिड, पण ते वेगळ्या दिवशी. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र घालू नका, विषारी वायू निघतो. धुणं झालं की लगेच कपडे काढायचे, रबराची घडी कोरड्या फडक्यानं पुसायची, पावडरीचा खण थोडा बाहेर ओढून ठेवायचा. खालचा फिल्टर पहिल्यांदा उघडला तेव्हा जे बाहेर आलं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचू नये असं होतं.

दार उघडं ठेवतो. बहिणीची मुलगी राहायला आली की मात्र ओढून घेतो, कारण तीन वर्षांच्या मुलीला ती गुहा फार आवडते. ती गावी गेली की पुन्हा उघडं.