नियमभंग (परिचर्या विभागातील)

रुग्णालयातील परिचारिकेने सेवेचे वा कामाचे नियम मोडल्यास तिच्या वरिष्ठ परिचारिकेने करावयाची कार्यवाही. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका अशी पदे आहेत. बोलताना त्यांना स्टाफ, इन्चार्ज आणि मेट्रन म्हणतात. नियम मोडलेला बहुधा आधी दिसतो तो इन्चार्जला, पण शिक्षा देण्याचा अधिकार तिला नसतो. विचारणे आणि लिहून ठेवणे एवढेच तिच्या हाती असते, आणि पुढचे सारे प्रकरण त्याच लिखाणावर उभे राहते.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे, हे रोजचे उदाहरण. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात जायला हव्यात. इन्चार्जने आधी तो डबा पाहावा. तो काठोकाठ भरलेला किंवा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर एकट्या स्टाफला बोलून उपयोग नाही. डबा ट्रॉलीवरच असूनही सवयीने टोपण लागत असेल, तर बाजूला घेऊन समज द्यावी. रुग्णाच्या खाटेपाशी नव्हे. अनवधानाने झालेली चूक, अंगवळणी पडलेला धोका आणि बेपर्वाई हा भेद अमेरिकेत डेव्हिड मार्क्स यांनी ‘न्याय्य संस्कृती’ या नावाखाली रूढ केला.

तोंडी समज देऊनही तेच घडल्यास मेमो. ‘वर्तन बेशिस्त आहे’ असा मेमो चौकशीत टिकत नाही. तारीख, पाळी, खाट क्रमांक आणि काय घडले ते हवे. खुलासा लेखी घ्यावा. पुढची कारवाई महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 खाली होते: ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा, बडतर्फीसारख्या जबर शिक्षेआधी सहसा दोषारोपपत्र व रीतसर चौकशी लागते.

गुंगीच्या औषधांचा हिशेब न जुळणे किंवा रुग्णाला मारहाण यांत समज देत बसू नये. त्याच दिवशी वर लेखी कळवावे. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्यान्वये अंतर्गत समितीकडे जाते. ती वॉर्डातच ‘मिटवणे’ इन्चार्जचे काम नाही.

कागदावर न येणारी एक शिक्षाही वॉर्डात चालते: ड्यूटी लिस्टमधून सलग नाइट लावणे, सणाचा ऑफ कापणे. शिक्षांच्या यादीत ती नाही, तिच्यावर अपीलही करता येत नाही.